गान्याची येगळी

पौषात भंडाऱ्याहून सहा मास्तर आले होते.
तलावाच्या मधोमध म्हणाले, गाणं लाव.
लावलं. दीड तास लावलं, मशीन बंद ठेवून,
तेवढंच पेट्रोल वाचेल म्हणून.
मग किल्ली फिरवली
तर मशीन एकदा खाकरलं
आणि गप्प.
गाणंही गेलं, अर्ध्या ओळीत.

इतकं काही ऐकू यायला लागलं एकाएकी:
मास्तरांच्या डब्याचं झाकण,
शिंगाड्याच्या वेलातून सरकणारं काहीतरी,
एकाचा मोबाईल, रेंज शोधत टुक टुक करणारा.
अंधार पाण्यावर आधी पडतो, पाळीवर नंतर.

बाप आला जुना डोंगा वल्हवत.
दोर बांधला. ओढत नेलं आम्हाला,
बहात्तर वर्षांच्या खांद्यांनी,
मास्तर लाजून पाय आखडून बसलेले.
मी विचारलं, तुले कसं समजलं?
म्हणाला, गानं आयकत होतो. थांबलं. म्हून आलो.

होळी झाली, नाटकांचा हंगाम सरला,
तेव्हा वडशाचा मनिराम सहारे मोकळा झाला.
चार महिने रातभर माईक सांभाळून
त्याचे डोळे अजून दिवसा मिटत होते.
डोंग्याचं फळकुट उचललं आणि हसला.
ट्रॅक्टरचा टेप. कागदी कोन
दमट पापडासारखे फुगलेले.
टर्मिनलवर हिरवी भुकटी,
तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी,
आणि सगळ्याला मिळून एकच बॅटरी.

"गान्याची येगळी," तो म्हणाला,
"चालू कराची येगळी.
एकीनं कितीबी गावं,
दुसरीले हात लावाचा नाई."

मग तीन दिवस अंगणात
कथलाचा मुलामा दिलेली तार, पान्हे, चहाचे कप.
बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज,
त्याहून लांब नाही, हे त्यानं दोनदा बजावलं.
प्लास्टिकच्या कोनांचे स्पीकर, पाण्याला न भिणारे.
ई-रिक्षाची मोठी बॅटरी पुढच्या फळीखाली ठेवली
तर डोंग्यानं नाक पाण्यात खुपसलं,
म्हणून ती मागे, माझ्या पायांशी.
लाल बटन: एक, दोन, दोन्ही.
"दोन्हीवर ठेवलं तर मले फोन नोको करू."

सतरा हजार चारशे.
रेवंतानं शिंगाड्याच्या पैशाची पिशवी
माझ्यापुढे ठेवली, उलटी करून झटकली.
एक वाळका शिंगाडा पडला.
म्हणाली, हाबी दे त्याले.

संध्याकाळी पाण्यात ढकलला डोंगा.
मीटर दाखवत होता बारा पूर्णांक सात, दोन्हीकडे.
गाणं असं वाजलं की पल्याडच्या बांधीतली
रोवणीची जागा बघायला आलेली माणसं वळली.
दोन तास वाजवलं मुद्दाम.
गाण्याची बॅटरी उतरत उतरत अकरावर आली,
आणि किल्ली फिरवताच मशीन
पहिल्याच झटक्यात.
मनिराम पाळीवर नाचला, एकटाच, चप्पल हातात घेऊन.

बापानं सगळं समजून घेतलं.
तारेवर बोट फिरवलं, कुठून कुठे जाते ते पाहिलं,
बटन खट्खट् करून बघितलं.
विडी पेटवली. विझवली.
"म्हंजे मशीन बंद पडली
तरी गानं वाजतच राह्यन?"
हो, मनिराम म्हणाला, छाती फुगवून.
"मंग मले कसं समजन?"

मनिराम हातातल्या पान्ह्याकडे बघत राहिला.
त्याच्या पेटीत यासाठी काही नव्हतं.

आता मधल्या बेटाजवळ पोचलो
की दर खेपेला मी आवाज शून्यावर आणतो.
दहा मोजतो.
गिऱ्हाईक दचकतात, काय बिघडलं का?
काही नाही, म्हणतो.
आणि पुन्हा लावतो, त्याच ओळीपासून.