अडीचशे शब्द

रात्रीचे सव्वादहा. मेडिकलमागची माझी खोली.
कूलर पाण्यावाचून नुसताच गरगरतोय,
ताट्या कोरड्या, वास तेवढा अजून गवताचा.
पोर्टल बाराला बंद होणार.
घाटोळे सरांचा निरोप : तीनशे बारा झालेत. बासष्ट उडव.

उडवते.
आधी विशेषणं, त्यांना कुणी विचारत नाही.
मग रेशीमबाग मैदान. सर म्हणाले होते, परिषदेत कोण ओळखतं?
'मध्य भारतातील एक शहर' लिही.
म्हणजे दोनाच्या जागी चार.
ठेवलं रेशीमबाग.

उद्देश : पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलींमधली नडगीदुखी.
पद्धत : चव्वेचाळीस मुली, वय अठरा ते चोवीस, बारा आठवडे.
घोट्याच्या वर चार बोटं, हाडाच्या आतल्या कडेला
मी अंगठा दाबायची.
दुखतं?
नाही, मॅडम.
सगळ्यांचं नाहीच.
दुखतं म्हटलं की मी पळणं बंद करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक.
म्हणून उत्तर लिहायची आणि पापणी बघायची.
पापणीसाठी तक्त्यात रकाना नाही.
वेदना, शून्य ते दहा : सरासरी तीन पूर्णांक एक.
इतका खोटा आकडा
मी इतक्या काळजीनं कधी काढला नव्हता.

क्रमांक सतरा, करिष्मा पंधराम, भिवापूर.
क्रमांक अठरा, मोनाली ठवरे, कुही.
हनुमान नगरात एक खोली, एक शेगडी, एक आरसा.
पादत्राण : स्पोर्ट्स शूज, माप सहा. दोघींच्याही फॉर्मवर.
आठव्या आठवड्यात माझ्या डोक्यात शिरलं
की या दोघी मैदानावर कधी एकत्र दिसल्याच नाहीत.
सतरा पहाटे येते. अठरा ऊन उतरल्यावर.
विचारलं तर करिष्मा हसली,
"जोडा एकच आहे नं मॅडम.
तिले पाच नंबर लागते, मंग समोर पेपर कोंबते."

दिवसभरात घाम वाळतो. उन्हाळ्याचा तेवढा फायदा.

जोडा हातात घेऊन पाहिला.
डावी टाच आतून झिजलेली, तिरपी.
दोघींचीही डावीच नडगी दुखत होती.
टाच आधी कुणी झिजवली
हे मी एकीलाही विचारलं नाही.

संख्याशास्त्राची पहिली अट :
नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असावेत.
'तसे गृहीत धरले आहे' असं माझ्या पद्धतीत लिहिलंय.
सरांना ते वाक्य आवडतं.

नवव्या आठवड्यात मोनालीच्या हाडात चीर निघाली,
केसाएवढी, फिल्म उजेडासमोर तिरकी धरली तरच दिसणारी.
भरतीला एकवीस दिवस.
मी सहा आठवडे म्हणाले. ती बराच वेळ फिल्मकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
"चला, करिष्माले आता दोन्ही टाइम भेटते जोडा."

निष्कर्षात हे असं आलंय :
एक सहभागी अभ्यासातून बाहेर.

अकरा चाळीस. दोनशे बावन्न.
शेवटचं वाक्य सगळेच लिहितात, मीही लिहिलं होतं :
या विषयावर पुढील संशोधनाची गरज आहे.
काढलं.
सहा शब्द मोकळे. वरचे दोन फेडले, उरले चार.
त्या जागेत लिहिलं :
दोन सहभागी, एक जोडा.

सरांचा फोन.
"हे शेवटी काय आहे? टायपिंगची चूक?"
"नाही सर."
पलीकडे त्यांचा पंखा ऐकू येत होता, पाती कुठेतरी घासत होती.
"मोजले?"
"अडीचशे."
"मग पाठव."

पाठवलं.
मग उठले आणि कूलरमध्ये पाणी ओतलं, दोन बादल्या.
पाचला रेशीमबाग.
करिष्माची नडगी बघायची आहे,
आता दोन्ही वेळ पळते ती.