चारशे एक

बेचाळीसच्या दिवाळीनंतर वेंगुर्ल्यात मोड मिळेना.
कोण म्हणे, सरकारनं तांबं लढाईवर नेलं,
कोण म्हणे, लोकांनीच पुरलं चुलीमागं.
सुट्ट्याऐवजी पोस्टाची तिकिटं हातावर पडत,
खाऱ्या वाऱ्यानं ती एकमेकांना चिकटत
आणि चार पैशांचा एक गोळा होई.

तेव्हा भिकशेट पोकळ्यांनी बापाला बोलावलं.
आम्ही कासार; पण पितळ कुठलं मिळायला!
घासलेटच्या डब्याचा पत्रा, त्याचे गोल तुकडे.
मी कानशीनं कडा मारल्या.
वर ठसा ‘भि. पो.’, खाली नारळ.
नारळ वांग्यासारखा आला. कोणी बोललं नाही.
शेटनी चारशे मोजून घेतले.

एक पत्रा, एक पैसा, चालायचा फक्त त्यांच्या दुकानात.
तरी फिरला. तरीवाला घेई, न्हावी घेई,
सातेरीच्या ताटातही पडे,
म्हणजे देवीनंसुद्धा तेल पोकळ्यांकडूनच घ्यायचं.
येसू कुबलीण दाताखाली धरून बघे :
“चांदी न्हय मां, शेटा?”

एका दुपारी बाप जेवायला गेला
आणि मी एक जास्त कापला.
रेवड्या आल्या. नारळही यावेळी बरा आला होता.

मग टांकसाळीचा भोकाचा पैसा आला,
पोरांनी करदोट्यात ओवला.
शेटनी दवंडी दिली : गुरुवारपर्यंत पत्रे परत.
दहा-दहाची चळत लावत बसले,
मी पायरीखाली, घामानं चिंब.
तीनशे नव्व्याण्णव. चारशे.
“जुळला,” म्हणाले, आणि वहीत तांबडी रेघ ओढली.

सुटलो म्हणून पळत सुटलो.
मांडवीच्या खाडीपाशी पाय थांबले.
चारशे कसे?

येसूचा गुणाजी फाल्गुनात मालाच्या बोटीवर गेला होता.
जाताना शेटसमोर खिसा थोपटून म्हणाला,
“ह्यो एक ठेवतंय. परत इलंय काय गूळ घेतलंय.”
पुढं बोटीचं नाव कागदात आलं.
त्याचं नाही.

वहीत त्याचं एक पैशाचं येणं
उघडं राहिलं असतं, एका ओळीपुरतं.
ती मी बुजवली.

येसू बांगडे मोजून देई,
शेकड्यावर एक वर टाकी. रीतच होती ती.
तो वरचा बांगडा
मी टोपलीत तसाच सोडून येई.
ती हाक मारी, मी वळत नसे.