काठाचं फूल

मार्चात टाकीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडलं,
कागदाच्या पुडीत बांधून कपाटात टाकलं.
मे सरेपर्यंत साखर पेठेतलं आमचं पत्र्याचं घर
तव्यासारखं तापलं. पुडीही तापली.
मग एका मंगळवारी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत,
थेंबभर पाणी सोडून बसून राहिले.
एक तास. दीड.
भिंगाखाली धुळीचा एक कण आळस देऊन लांब झाला
आणि डोक्यावरची दोन चाकं फिरवू लागला.

चाकजीव. सगळ्या माद्या.
नर कुणाला कधी दिसलेला नाही.
आईला मुलगी, मुलीला मुलगी,
कोट्यवधी वर्षं एकच सूत, कुठे गाठ नाही.
(माझ्यासाठी स्थळं टिपून ठेवणाऱ्या आत्याला
हे मी सांगितलेलं नाही.)

माझं काम त्यांच्यातल्या फुकट्यांशी.
जनुकांच्या ओळीत असे तुकडे असतात
जे ना पचन बघतात, ना अंडं, ना चाक.
एकच येतं त्यांना,
स्वतःची नक्कल काढून दुसरीकडे डकवणं.

नान्ना जेकार्डची कार्डं ठोकायचे.
मोराच्या चादरीचा संच ठोकताना
चार भोकं जास्त मारायचे, गंमत म्हणून.
चादरीवर चार टाक्यांचं फूल उमटायचं,
कुणी न मागितलेलं.
तेव्हा कारखाने एकमेकांचे संच उसने नेत,
इथला मोर, तिथली वेल जोडून नवी चादर काढत.
त्या जोडाजोडीत फूल अशोक चौकातून निघालं
ते अक्कलकोट रोडच्या शेडांपर्यंत पोचलं.
एखादा माग बुडाला तर फुलाचं काय जातं?
ते कधीच पुढच्या मागावर जाऊन बसलेलं.
नर-मादीच्या जगात फुकटे असेच निभावतात.
घर जळो, ते वरातीत.

पुढे उसनवारी थांबली.
नान्नांकडे एकच माग राहिला, आमच्याच पडवीत.
फाटक्या कार्डावरून नवं कार्ड,
त्यावरून आणखी नवं. नजर अधू झालेली.
फुलं वाढली. मोराच्या मानेवर, पिसाऱ्यात, डोळ्यात.
एका चादरीत मी एकोणीस मोजली.
धागे जागोजाग सैल, पहिल्याच धुण्यात उसवली.
इराबत्तींच्या दुकानातून गठ्ठा परत आला,
वर चिठ्ठी: मोर कुठाय?

त्या रात्री नान्नांनी खळ शिजवली,
कागदाच्या टिकल्या कापून
एकेक भोक बुजवत गेले.
सगळी नाही.
काठाला एक राहू दिलं,
जिथे विणीला धक्का लागत नाही.

आता माझ्या तक्त्यावर बघते तर
फुकटे बहुतेक ओळींच्या टोकांना,
अगदी काठाला अंग चोरून.
मधले मोडके, मुके,
कुणीतरी टिकल्या लावल्यासारखे.
मी नान्नांना म्हटलं,
दुसऱ्या घरी पळायची सोय नाही ना,
म्हणून शहाणे झाले असतील.

नान्ना हसले नाहीत.
"शहाणं कोण होतंय, राजमणी?
ज्या मागांना फुलं आवरली न्हाईत
ते माग भंगारात गेले.
उरलेले तू मोजायलीस."

मग थोड्या वेळानं,
"त्या बाया फिरायल्यात का अजून?"

थेंब सुकत आला होता.
मी ड्रॉपर शोधू लागले.