काठ

टेबलावर दोन तुकडे.
एकाच शीटचे, सहा एमएम, पोपटी,
उजेडात धरलं की आतली वीण दिसते.

पहिला बुटीबोरीहून लेझरवर कापून आणलेला.
रेघ अशी, की नख फिरवलं तरी अडकत नाही,
कोपऱ्याची गोलाई थेट ड्रॉइंगमधली.
फक्त काठ काळा,
आणि नाकाशी नेला की वास येतो
इस्त्रीखाली सापडलेल्या बटणाचा.

दुसरा आमचाच, हिंगण्याचा, राउटरवरचा.
काठ पांढुरका, दाढी न केलेल्या गालासारखा.
एका कोपऱ्यात वरचा थर उचकटलेला,
कारण बिट बोथट झालेली
आणि रोशननं "अजून एक निघते ना बाप्पा" म्हणत
तीच चालवलेली.

बोंद्रे साहेब म्हणतात, लेझर.
बिटांचा खर्च नाही, धूळ नाही, आवाज नाही.
चाळीस पॅनेल, सोमवार. तू कोटेशन बनव.

मी हो म्हणते
आणि पुन्हा काठ बघते.

गोळीबार चौकामागच्या आमच्या खोलीत
बाबा मागावरून लुगडं उतरवलं की
आधी काठच बघायचे.
अंग कोनीबी विणते, म्हणायचे,
माणूस काठात सापडते.
माग विकून झाल्यावर कधीतरी
मी शीटचा असाच एक तुकडा त्यांच्या हातात दिला.
अंगठ्यानं चाचपला, खिडकीशी नेला.
"हे तं कापडच हाये. काचेचं.
उभा धागा, आडवा धागा…
खळ जरा जास्तच झाली."

खळ म्हणजे आमची रेझिन.
लेझरखाली तीच आधी पेटते.
काच वितळायला आच अजून कितीतरी वर जावी लागते;
तोवर खळीचा कोळसा
धाग्यांच्या टोकांवर बसून घेतो.

आणि हे पॅनेल जाणार स्विचबोर्डात,
चारशे चाळीस व्होल्टच्या शेजारी उभं राहायला.
त्याला एवढंच काम आहे: वाट द्यायची नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी मेगर काढला.
पांढऱ्या काठावर काटा गेला
आणि अनंताच्या खुणेवर टेकला.
काळ्या काठावर
बराच अलीकडे थांबला.
तीनदा केलं. तीनदा तिथेच.

म्हणजे राउटर. विषय संपला असता.

पण रोशन धकाते मशीनपाशी उभा आहे,
मे महिना, शेचाळीस डिग्री,
कूलर बंद, कारण कूलर लावला तर धूळ नाचते.
पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला चिकटपट्टी,
तोंडाला आईचा जुना दुपट्टा.
मान खाजवायची ती मनगटाच्या मागच्या बाजूनं,
हे तो आता न बघता करतो.
घरी गेला की आधी थंड पाणी.
गरम घेतलं तर काच आत शिरते, म्हणतो.
आणि तोवर दोन वर्षांची पोरगी दारात हात पसरून उभी,
तिला बायको मागे ओढून धरते.

मी कोटेशन लिहिलं.
हिऱ्याचा लेप असलेल्या बिटा, चार.
वर-खाली एमडीएफ, थर उचकटू नये म्हणून.
धूळ ओढायची मशीन, पाइपसकट.
मास्क, खरे, दुपट्टा नाही.
बेरीज लेझरच्या वर गेली, साडेअकरा हजारांनी.

बोंद्रे साहेबांनी काळा तुकडा हुंगला,
मेगरचा काटा स्वतः बघितला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग राउटरवर बरोबरची खूण केली
आणि धुळीच्या मशीनवर काट.
"ते पुढच्या ऑर्डरला बघू."

"ताई, कोनतं ठरलं?" रोशननं दारातूनच विचारलं,
आत धूळ येईल म्हणून.

मी पान नव्यानं टाइप केलं.
तीच रक्कम, एक ओळ खाली,
नाव बदलून:
काठाचं काम.