छत्तीसचा आकडा

मोशीच्या इस्पितळातून सकाळी आठपर्यंतच डोंगर दिसतो,
मग ढग त्याला झाकून टाकतात.
बाकावर आइकांडे बसलेली,
कॉफीच्या कारखान्यात दाणे निवडणारी बाई,
नखांत करडी साल,
मांडीवर चौदा महिन्यांची एलियापेंडा.

तिनं फोटो दाखवला, बाप्तिस्म्याचा.
फ्लॅशमध्ये एक बाहुली लाल, एक पांढरी.
सासू म्हणाली होती, चांदणी आहे,
नशीबवान निघेल पोर.
म्हणून कुणी घाई केली नाही.

मसुरीच्या दाण्याएवढं धुकं, जन्मतःच आलेलं.
सर्जननं पाऊण तासात काढलं.
तेवढं सोपं होतं.
डोळा उघडला, पण मेंदूला त्याची ओळखच नव्हती.
चौदा महिने ज्या घरून निरोप आला नाही
त्या घराची वाट त्यानं मोडून टाकलेली.

मी पट्ट्यांची पाकिटं दिली.
झाकायचा तो चांगला डोळा, रोज चार तास.
'चांगला?' तिनं पुन्हा विचारलं.
माझ्या मोडक्या स्वाहिलीवर तिचा भरवसा नसावा.
'हो. चांगलाच.'
धडधाकट लेकराला मागं ठेवून
अशक्त लेकराला आधी भरवायचं,
असं काहीसं म्हणाले.
ती गप्प झाली.
तिला जुळी झाली होती, एकच जगली,
हे मला पुढं कळलं.

पट्टी पोरीनं बकरीच्या कपाळावर चिकटवली,
चुलीत टाकली,
एकदा चावून खाल्ली.
आई उरलेल्या पट्ट्या मोजून आणायची,
खोटं कधी बोलली नाही:
सोमवारी दोन तास. मंगळवारी अर्धा.
बुधवारी माझीच छाती झाली नाही.
मोठ्या पावसात डालाडाला बंद,
तेव्हा महिनाभर काहीच नाही.
जाड भिंगाचा चष्मा डोक्यामागं इलॅस्टिकनं बांधलेला,
त्यात डोळा बशीएवढा.

आता ती सहा वर्षांची.
तक्त्यावर चारी दिशांना तोंडं केलेले काळे कंगवे.
ती बोटानं दाखवते: वर, डावीकडे, खाली,
मग हात हवेतच थांबतो.
मी कार्डावर लिहिते, सहा-छत्तीस.
आधी नुसता उजेड कळायचा, त्या मानानं पुष्कळ.
अहवालात याला 'मध्यम' म्हणतात.
माझ्या भाषेत छत्तीसचा आकडा म्हणजे
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून बसलेले,
एकमेकांचं तोंड न बघणारे.
तिचे डोळेही तसेच,
एक माझ्याकडे, एक खिडकीकडे.

आइकांडे विचारते, म्हणजे किती?
सांगते: इतरांना छत्तीस मीटरवरून जे दिसतं
त्यासाठी त्या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागेल.
'मग येईल की जवळ,' ती म्हणते.

पिशवीतून मूठभर कच्चे दाणे काढून
माझ्या कागदांवरच पसरते.
पोरीच्या चांगल्या डोळ्यावर स्वतःचा तळहात.
काळे वेच, म्हणते.

पोर नाक टेकेल इतकी वाकते.
एक वेचते. बऱ्याच वेळानं दुसरा.
तिसरा हिरवाच असतो.
आई काही न बोलता
तो काळ्यांत ठेवून देते.