एक आकडा पुढे

कॅनडा कॉर्नरला, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
आम्ही एका लॅबचं ॲप बनवत होतो.
सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर.
बागूल सर म्हणाले, दसऱ्याला उद्घाटन,
बाकीचं नंतर.

तो नंतर मी कोडमध्येही लिहून ठेवला,
दोन तिरक्या रेघा मारून:
// मागणारा कोण, ते इथे तपासायचंय. नंतर.

सर्व्हरची किल्लीही ॲपच्याच पोटात ठेवलेली,
जशी आमच्या सिडकोच्या घराची
मीटरच्या डब्यात असायची,
आणि दूधवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत
सगळ्यांना ठाऊक.
तेव्हा घरात होतं काय म्हणा चोरण्यासारखं.

दसरा झाला. राउटरवरचे झेंडू सुकले.
एका रात्री मी एकटीच थांबले होते,
माझाच रिपोर्ट उघडून बघत.
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ.
वर पत्त्यात नंबर, शेवटी सात.
सहज
सात पुसून आठ केला.

काही वाजलं नाही.
तू कोण, असं कोणी विचारलं नाही.
वृषाली बोरस्ते, वय एकतीस,
आमच्या मागच्याच गल्लीतली.
बीटा एचसीजी.
मागच्या खेपेचा आकडा बारीक अक्षरांत,
त्याखाली आजचा,
निम्म्याहून कमी.
याचा अर्थ मला कळायला नको होता.
पण माझ्या बहिणीचं असंच झालेलं.

मी तिथेच बसून तपासणी लिहिली.
चार ओळी.
चहा निवायच्या आत झाल्या.

बुधवारच्या बाजारात, गंगेवर,
वृषाली भेटली. पिशवीतून गाजरं डोकावत होती.
म्हणाली, बरं झालं बाई तुमचं ॲप,
त्या काउंटरवरच्या पोरींसमोर
पाकीट उघडायला नको.
आपलं आपल्यापाशी राहतं.
आणि हसली, नेहमीसारखी,
म्हणजे मला आता
नेहमीसारखी वाटेना.

कोण कधी आत आलं याची नोंद आम्ही ठेवत नव्हतो.
तेही नंतरमध्येच होतं.
पाच आठवडे दार नुसतं लोटलेलं,
आणखी कोणी सहज
सातचा आठ केला असेल?

मेथी घेतेस का गं, तिने विचारलं, ताजी आहे.
मी जुडी उलटी करून बघत राहिले
गरजेपेक्षा जास्त वेळ.
मुळांना ओली माती होती.