हातचा

टोलेडो. नोव्हेंबर संपत आलेला.
कागदाचे अकरा दिवस उरलेत.
साधा पांढरा कागद, घड्या घालून घालून मधोमध विरलेला,
त्यावर माझं नाव, कीओनचं नाव, दोन बेडरूम,
आणि एक तारीख,
जिच्यानंतर तो नुसताच कागद.

"सरकारी मदतवाले आम्ही घेत नाही," सहा जणांनी सांगितलं.
एकीने तर फोनवर माझा आवाज ऐकला
आणि घर गेलंच की, म्हणाली.
पाटी अजून उभी आहे तिच्या गवतात.

सातवे, मिस्टर ग्रॅबोव्स्की.
वरच्या मजल्याची किल्ली शोधता शोधता चारदा खोकले.
ऑगस्टपासून घर रिकामं आहे हे ते बोलले नाहीत,
दाराखाली साचलेल्या पिझ्झाच्या जाहिराती बोलल्या.

"एक हजार वीस."
"नऊशे बहात्तर. त्यावर ऑफिस सही देत नाही."
"मग वरचे अठ्ठेचाळीस तू दे. दर महिन्याला, हातात.
कोण विचारतंय?"

कोण विचारतं ते मला ठाऊक आहे.
मागच्या घरी साठ देत होते,
पाकिटात घालून, मालकाच्या गाडीच्या खिडकीतून.
जानेवारीत मशीनमध्ये हात सापडला, पाळ्या बुडल्या,
पाकीट चुकलं, आणि मग दारच चुकलं.
नियम दोघांनी मोडला होता,
घर एकटीचं गेलं.
तेव्हापासून बहिणीच्या सोफ्यावर आम्ही दोघं,
कीओनचे पाय माझ्या बरगड्यांत. तेरा वर्षांचा आहे,
रोज रात्री थोडा लांब होतो.

"हातात काही नाही," मी म्हणाले.
"पण ही चौकट बघा."

लाँड्रीत कपडे फिरत असताना
मी तो तक्ता पाठ केला आहे, लोक प्रार्थना करतात तसा.
पाणी भाडेकरूकडे असेल तर ऑफिस त्याचे अठ्ठावन्न धरतं
आणि तुमच्या भाड्यातून उतरवतं.
पाणी तुमच्याकडे घ्या.
भाडं एक हजार तीस लागेल, कायद्याने, चेकने, एक तारखेला.

"आणि बिल कोण भरणार?"
"तुम्ही. जुनं एक जिन्यात पडलं होतं. पस्तीस."

ते खिडकीकडे वळले. काचेवर धूळ होती,
तिच्यावर बोटाने मांडलं: एक हजार तीस, खाली पस्तीस.
शून्यातून पाच जाईनात.
हातचा घेतला. पुन्हा पुसलं. पुन्हा मांडलं.
"हे सगळं डोलोरेस बघायची," काचेला म्हणाले.
मी कोण डोलोरेस विचारलं नाही.

"पंचवीस कमी पडतात."
"वर्षाचे तीनशे," मी म्हणाले.
"ऑगस्टपासून किती गेले, ते मी विचारत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं,
धरत नव्हती. धरत नव्हती. धरली.

मग त्यांनी कोटाचे सगळे खिसे तपासले,
पेन्सिल निघाली. पेन्सिलीची सही चालत नाही.
पेन मी दिलं, नर्सिंग होमचं नाव छापलेलं,
जिथे रात्रभर मी चादरी धुते.
पाण्याच्या चौकटीत, 'मालक' या शब्दापुढे,
फुली एवढी दाबून मारली की मागच्या पानावर उमटली.

"गुरुवारी तपासनीस येईल," मी सांगितलं.
"ती खिडकी वर उचलली की खाली येते. ते नापास करतात."
"तुम्हाला बरंच माहीत आहे," ते म्हणाले.
तू नाही. तुम्ही.
स्तुती होती की तक्रार, कळलं नाही.

जाताना मी पर्समधून चौकोनी बॅटरी काढली,
दीड आठवडा घेऊन फिरत होते, सहा घरं.
खुर्ची नव्हती. उलट्या बादलीवर चढले,
छतावरच्या धुराच्या यंत्रात ती बसवली
आणि बटण दाबलं.

रिकाम्या घराने अशी किंकाळी फोडली
की ग्रॅबोव्स्कींनी दोन्ही कानांवर हात ठेवले.
मी बोट काढलं नाही.
थोडा वेळ अजून.